फोटो गेले म्हणजे पोराचं लहानपण गेलं का?

लातूरला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा हमखास प्रश्न, कुणाचा फोन चोरीला गेलेला असतो, कुणाचं मेमरी कार्ड उडालेलं असतं. एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पोरगा पाच वर्षांचा. व्हिडिओ बघता बघता त्याच्या हातून फोन हौदात पडला, दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि हात वर केले, बॅकअप कधी चालूच केलेला नव्हता. जन्मापासूनचे सगळे फोटो त्यात. ताईंनी त्या दिवशी त्याला चांगलंच बदडलं आणि मग महिनाभर रोज रात्री रडायच्या. "मॅडम, मोठेपणी त्याला काय दाखवू वो? लहानपणचं काहीच आठवणार नाही की त्याला." हे चाललेलं असताना पोरगा शेजारीच बसलेला, सँडलचा बेल्ट उघड-बंद, उघड-बंद.

पहिल्या दिवशी मी चुकलेच. लगेच उपाय सांगत सुटले, की नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो परत मागवा, क्वालिटी कमी असेल पण फोटो तर आहे ना, आणि नव्या फोनमध्ये गुगल फोटोजचं बॅकअप चालू करा, १५ जीबी फुकट मिळतं. ताई नुसती मान हलवत होत्या. दारातून जाताना हळूच म्हणाल्या, पोरगा परत अंथरूण ओलं करायलाय, वर्षभर बंद होतं. मी आधी बालरोग डॉक्टरांकडे पाठवलं (सुटलेली सवय परत आली तर लघवी तपासून घ्यायचीच, सगळंच मनावर ढकलू नये), रिपोर्ट नॉर्मल आला.

पुढच्या वेळी विचारलं, ताई, तुमचे स्वतःचे लहानपणचे फोटो आहेत का? गप्पच झाल्या. माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या दीड वर्षाच्या, माळवद (घराचं मातीचं छत) खाली बसलं, आजी गेली, आणि बारशाचा एकच फोटो होता तो पेटीसकट गेला. त्यांचा पहिला फोटो म्हणजे शाळेतला ग्रुप फोटो, तिसऱ्या लायनीत अर्धं तोंड. "मी कशी दिसत होते ते मलाच माहीत नाही," म्हणाल्या. तेव्हा कुठं मला कळलं की हे रडणं नुसतं हौदातल्या फोनचं नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवतच नाही, फोटो असोत नाहीतर नसोत, आपण "मला आठवतं" म्हणतो त्यातलं बरंचसं घरच्यांकडून ऐकलेलं असतं. त्यानंतरचं पक्कं राहतं ते घरात त्यावर बोलल्यानं, आणि बोलणं म्हणजे "मजा आली ना?" एवढंच नाही, तर मग काय झालं, कोण हसलं, तू काय केलंस, असं खोदून खोदून. शिवाय अमेरिकेत लिंडा हेंकेल म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा २०१४ चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना म्युझियममध्ये फिरवलं तर ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या नुसत्या बघितलेल्यांपेक्षा कमी लक्षात राहिल्या. झूम करून एखादा भाग टिपला तर मात्र तसं झालं नाही.

हे ताईंना पटलं ते माझ्या सांगण्यानं नाही. मी पोराला म्हटलं, येळवशीला (म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं त्या दिवशी सगळे शेतात जेवायला जातात) शेतात गेला होतास ना, सांग की. तर भज्जी किती तिखट होती, मग आजोबांच्या धोतरावर अंबील सांडलं, आजोबा उठून पळायला गेले तर कोपीत (कडब्याच्या खोपीत) डोकं आपटलं, कुत्र्यानं सांडलेलं चाटलं... थांबेचना. ताई बघतच राहिल्या. "हे कधी झालं? मी तर तिथंच होते," म्हणाल्या, आणि मग स्वतःच, "मी फोटो काढायले होते."

मग पोरगा एकदम म्हणाला, "माझं लहानपण हौदात पडलं, मीच पाडलं." महिनाभर आईच्या तोंडून ऐकून ऐकून त्यानं लावलेला हा हिशोब. ताईंनी तिथंच त्याला जवळ घेऊन सांगितलं, फोन पडला रे बाळा, तू कुठं पडलास, आणि मारलं ते माझं चुकलं. (हे माझ्यासमोरच नाही, घरी आजी-आजोबांसमोर पण म्हणा, हे मी मुद्दाम सांगितलं, कारण मार त्यांच्यासमोरच बसलेला.)

मावश्या, काकू, नणंद सगळ्यांच्या फोनमधून मिळून एकेचाळीस फोटो निघाले, ताईंनी ते लातूरच्या गंजगोलाई बाजारातून चार बाय सहाचे प्रिंट करून आणले. दिवाळीला माहेरी गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच आईला विचारलं, मी दीड वर्षाची असताना काय करायचे गं? आई म्हणाली, भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजला की तू नाचायचीस आणि आम्ही सगळे रडत असताना तुझ्याकडं बघून हसायचो. आता पोराला झोपताना तीच गोष्ट लागते. अंथरूण अजून महिन्यातून एखाद्या वेळी ओलं होतं.