पहिल्या प्लांटेड टँकमध्ये (खरी झाडं लावलेल्या माशांच्या टाकीत) खाली काय टाकू? शेतातली काळी माती चालते का?

भाऊ, तुमचा दोन फुटी टँक आहे, दुकानवाला महागाची ॲक्वा सॉइल (अशा टँकसाठी मिळणारी खतवाली, गोळ्या-गोळ्यांची माती) घ्या म्हणतो, आणि तुम्हाला वाटते की घरचीच माती टाकून काम भागेल. मी ती टाकून पाहिली आहे म्हणून सांगतो, नका टाकू.

आपली कापसाची माती म्हणजे नुसती चिकण, पाणी लागलं की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी खाली दोन इंच माती अन् वर वाळूचा पातळ थर दिला होता. चार दिवस झकास दिसलं, मग एक झाड जागा बदलायला उपटलं तर मुळाला धरून मातीचा लोंदाच वर आला अन् पोळ्याला बैल धुतल्यावर नाल्याचं पाणी होते ना, तसा टँक झाला. आठ दिवस मासे दिसले नाही, आई रोज विचारे, "हायेत का गेले रे?"

तुम्ही साधी नदीची वाळू घ्या. कुठं बांधकाम चालू असेल तिथं मागितली तर एखादं घमेलं कोणीही देते. 24 बाय 12 इंचाच्या टँकला 2 इंच थर द्यायला 14-15 किलो लागते, मागच्या बाजूला थोडी जास्त चढवा. दाणा रव्यापेक्षा जाड अन् ज्वारीपेक्षा बारीक पाहिजे, लय बारीक असली तर खाली दबून काळी पडते अन् सडक्या अंड्यासारखा वास मारते. बादलीत हात घालून घालून धुवा, दहा-बारा पाणी तरी लागतात, कंटाळा येतो पण गढूळ पाणी थांबेपर्यंत सोडू नका. आणि मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पहा, फसफसलं तर त्यात चुनखडी नाहीतर शिंपल्याचे तुकडे आहेत, आपलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यात ही भर नको. संगमरवराची खडी याच कारणानं नको. रंगीत गोटे तर घेऊच नका, फटीत खाणं जाऊन सडते अन् मूळही धरत नाही.

वाळूत खत नसते हे खरं. त्यासाठी रूट टॅब म्हणजे खताच्या गोळ्या येतात, दोन-तीन महिन्यांनी मुळाजवळ खुपसायच्या. घरात युरिया-डीएपीची पोती पडली आहेत म्हणून चिमूटभर टाकायचा मोह होईल, अजिबात नको, अमोनिया होऊन मासे मरतात. ॲक्वा सॉइल वाईट नाही, झाडं जोरात येतात, पण नवी असताना तीही अमोनिया सोडते, त्यामुळं पहिले काही आठवडे मासे न टाकता पाणी बदलत बसा, आणि वर्ष-दोन वर्षांत गोळ्यांचा चिखल होतो. पहिल्या टँकला एवढा खटाटोप कशाला?

झाडं व्हॅलिस्नेरिया अन् क्रिप्टोकोरिन लावा. अनुबियास, जावा फर्न वाळूत गाडू नका, त्यांचं जाड खोड सडते, लाकडाला नाहीतर दगडाला दोऱ्यानं बांधा. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरा दिवसांत गळून पडतील, मेलं म्हणून उपटून फेकू नका, मी दोन फेकले, तिसरं आळसानं तसंच राहिलं त्याला महिन्याभरानं खालून नवी पानं आली.