पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली ना?

गडचिरोलीकडच्या एका तरुण बापाने हे विचारलं. 'चारातलं एक आजारी निघतं' एवढंच त्याने ऐकलेलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात हा प्रश्न फार येतो. मुलगा लहान, हातपाय सुजून ॲडमिट झालेला, रिपोर्ट 'एसएस', म्हणजे आजार आहेच. आईबाप दोघेही 'एएस', म्हणजे वाहक. सोबतच्या आजीचं एकच पालुपद: "आमच्या खानदानात कोणालेच हा रोग नाही. हे तिच्या माहेरून आलं." सून मान खाली घालून बसलेली.

मी आधी आजीशी बोलले, कारण या एका वाक्यापायी सुना माहेरी धाडलेल्या मी पाहिल्या आहेत. हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. सिकलची प्रत ('एस') अप्रभावी. जोडीला चांगली प्रत ('ए') असली की माणूस धानाच्या बांधीत राबतो, त्याला सहसा काहीच जाणवत नाही. तपासणीत मात्र ती लपत नाही. एचपीएलसी ही रक्ततपासणी केली की वाहकाच्या रक्तात साधारण ३५ ते ४० टक्के सिकल हिमोग्लोबिन दिसतं. मी आजीपुढे तिच्याच लेकाचा रिपोर्ट ठेवला. नातवाच्या दोन 'एस'मधला एक त्याचा आहे.

मग चिठ्ठ्या केल्या. आईच्या दोन, बापाच्या दोन. प्रत्येकी एक 'ए', एक 'एस'. नवऱ्याला म्हटलं, दोघांकडची एकेक उचला. एएस आलं. चिठ्ठ्या परत ठेवून पुन्हा उचलल्या, एसएस. पुन्हा ठेवल्या, परत एसएस. "लागोपाठ कसं आलं?" चिठ्ठी दर वेळी परत जाते ना, म्हणून. प्रत्येक गरोदरपणात एसएसचा धोका २५ टक्केच. आधीचं बाळ कसं होतं, याचा त्याच्याशी संबंध नाही. पुन्हा दिवस राहिले तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना तपासून बाळाचं कळू शकतं. पुढे काय करायचं ते नवराबायकोने ठरवायचं, आजीने नाही. हे मी तिच्यासमोरच सांगितलं.

आणि आज घरात असलेल्या पोराचं काय? डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चुकवू नका, भरपूर पाणी पाजा, लसी वेळेवर द्या. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट नको.

उठता उठता आजीने विचारलं, "लहान्याचं लगन जमून राह्यलं. करू का नको?"

करा की. आधी त्याचं रक्त तपासा. तो एएस निघाला आणि मुलगी एए असली, तर एकही बाळ एसएस होणार नाही. वाहक होण्याची शक्यता मात्र निम्मी. मुलीचीही एचपीएलसी करा, कारण ती बीटा-थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजाराची वाहक असेल तरी बाळाला आजार होऊ शकतो. दोघांचे रिपोर्ट घेऊन या, मग बोलू.