पाणीपट्टी मागण्याआधी पाण्याची वेळ पक्की करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सरकारच्या जलजीवन मिशनमधून टाकी झाली, घरोघर नळ आले आणि वर्षाच्या आत बिल थकून पंपाची लाइट कापली गेली. आता ग्रामसभेत एक गट म्हणतो योजना ठेकेदाराला चालवायला द्या, दुसरा म्हणतो पाणी देणं सरकारचं काम आहे, पट्टी कसली मागता. सरपंच म्हणून तुम्ही विचारताय की ग्रामपंचायतीनं योजना कशी चालवावी आणि पैसा कुठून आणावा.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीत मी अठरा वर्षं आहे, त्यातली सहा वर्षं अध्यक्ष होतो. तुमच्यासारखीच आमचीही लाइट कापली गेली होती, एप्रिलमध्ये, बावीस दिवस. त्या अनुभवातून सांगतो. योजना ग्रामपंचायतीच्याच हातात राहू द्या. बांधकामाचा पैसा सरकारकडून घ्या, रोज चालवायचा खर्च गावानं उचलावा. पण पट्टी मागायच्या आधी पाण्याची वेळ पक्की करा. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा बसला की लोक पैसे देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"सरकारचं काम आहे" म्हणणाऱ्यांना चुकीचं ठरवू नका. ७३व्या घटनादुरुस्तीनं पिण्याचं पाणी अकराव्या अनुसूचीत घातलं, म्हणजे पंचायतीच्या विषयांत. शहरांसाठी ७४व्या दुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत तेच केलं. तेव्हा सरकारचं काम हे खरंच, फक्त या बाबतीत गावातलं सरकार म्हणजे तुमची ग्रामपंचायत. २०१९ ला सुरू झालेल्या जलजीवनचा खर्च आपल्याकडं केंद्र आणि राज्यानं निम्मा-निम्मा उचलायचा, आणि गावातल्या कामांसाठी १० टक्के लोकवर्गणी. त्यातून विहीर, टाकी, पाइप उभे राहिले. योजना हस्तांतरित झाली की लाइट बिल आणि दुरुस्ती गावाकडं येते, आणि हे ग्रामसभेत आधी कुणी मोकळेपणानं सांगत नाही.

आता हिशेब. तुमच्याकडं तीनशे घरं आहेत असं लिहिलंय. दीड हजार माणसं धरू. माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला साडेब्याऐंशी हजार लिटर, गळती धरून एक लाख. विहिरीपासून टाकीच्या माथ्यापर्यंत साठ मीटर चढ असला तर त्याला रोज तीस-पस्तीस युनिट लागतील, महिन्याला हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाचे ९६ हजार. पाणी सोडणाऱ्याला महिना सहा हजार, म्हणजे ७२ हजार. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम लागते, वर्षाकाठी दोन क्विंटलच्या आत भागतं, सात हजार धरा. गळत्या, व्हॉल्व, स्टार्टर यांना ४० हजार. मोटार जळणार हे ठरलेलंच आहे, तेव्हा रिवाइंडिंग, म्हणजे जळालेली मोटार पुन्हा भरून घेणं, आणि पुढं नवी मोटार यांच्यासाठी ३५ हजार बाजूला. बेरीज अडीच लाख. तीनशे घरांनी भागली तर घरटी साडेआठशेच्या आत. शंभरातले ऐंशीच भरणार हे धरून वर्षाला हजार-अकराशे पट्टी ठेवली की योजना स्वतःच्या पायावर उभी राहते. तुमचे आकडे यात घाला, पद्धत हीच ठेवा.

असाच हिशेबाचा कागद आम्ही मारुतीच्या पारावर लावला तेव्हा आधी आरडाओरडा झाला. मग एका बाईनं विचारलं, रोजचा वीस लिटरचा जार दहा रुपयाला घेतो त्याचे वर्षाचे किती होतात? साडेतीन हजाराच्या वर. पारावर सगळे शांत झाले. तरी लगेच कुणी पैसे काढून दिले नाहीत, आणि त्याला कारण होतं.

आमच्या वरच्या वस्तीतल्या एक मावशी तीन वर्षं पट्टी भरत नव्हत्या. वसुलीच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर. एके दिवशी सकाळी पाणी सुटायच्या वेळेला मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. बादली भरायला अकरा मिनिटं लागली. त्याच दिवशी खालच्या गल्लीत तीच बादली पाऊण मिनिटात भरली. पाणी सुटायचं चाळीस मिनिटं. म्हणजे मावशींच्या सहा माणसांच्या घराला साडेतीन बादल्या. आणि आम्ही त्यांना थकबाकीदार म्हणत होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

खालच्या गल्लीत बऱ्याच नळांना तोट्याच नव्हत्या, पाणी गटारीत चाललेलं. चार घरांनी नळाला टिल्लू मोटारी, म्हणजे पाइपातलं पाणी ओढून घेणाऱ्या छोट्या मोटारी लावलेल्या. आम्ही दोन कामं केली. पाइपच्या फाट्यावर एक व्हॉल्व बसवून वस्ती वेगळी केली, वस्तीला आधी सहा ते सात, खालच्या गावाला सव्वासात ते आठ. आणि तोटी नाही त्या घराला पाणी नाही, हे एका ग्रामसभेत ठरवून दुसऱ्या आठवड्यापासून पाळलं. टिल्लू मोटारींचा त्रास संपायला मात्र वर्ष गेलं, त्यात एक मोटार माझ्या सख्ख्या चुलतभावाची होती, तीही काढून आणली. टाकीखाली वही ठेवली. पाणी सोडणारा त्यात रोज लिहितो, मोटार किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मीटरचा आकडा, पावडर टाकली का. त्या वहीमुळं आम्हाला गळती आठवड्यात कळते, कारण टाकी भरायला लागणारा वेळ वाढलेला दिसतो. मावशींनी पुढच्या दिवाळीला दोन वर्षांची बाकी एकदम भरली.

वसुलीचा कायदा तुमच्या हातात आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणं आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. थकबाकीची प्रकरणं लोकअदालतीतही ठेवता येतात. पण पाणी वेळेवर सुटत नसताना जप्तीला गेलात तर गाव तुमच्या विरोधात जाईल आणि गावाचं बरोबर असेल. संभाजीनगर तालुक्यातल्या पाटोद्यानं वेगळा रस्ता धरला. सगळे कर भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण मोफत. भरणाऱ्याचा मान ठेवायची ही रीत मला जास्त पटते. पट्टी सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येतो तेव्हा मागा, मार्चची वाट बघू नका. रोजमजुरीवर जगणाऱ्यांना महिन्याला शंभर भरायची सोय द्या.

खातं वेगळं ठेवा, यावर मी अडून बसेन. पाणीपट्टीचा रुपया घरपट्टीत मिसळला की तो रस्त्याच्या मुरमात आणि पथदिव्यांत जातो, आणि लाइट कापायला माणूस आला की तिजोरी रिकामी. आमची लाइट तशीच कापली गेली होती. पट्टी जमली होती, पण खर्च दुसरीकडं झाला होता. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. असा पैसा मोठ्या दुरुस्तीला, नव्या पाइपला लावा. महिन्याचं बिल त्याच्या आशेवर सोडू नका, तो हप्ता कधी येईल हे तुमच्या हातात नसतं.

ठेकेदाराबद्दल. मोटार दुरुस्ती, टाकी धुणं, पाइप जोडणं ही कामं बाहेर द्यायला हरकत नाही, वर्षाचा दर ठरवून द्या. पण पट्टी किती, पाणी कधी, पैसा कुणाकडं, हे तीन निर्णय ग्रामसभेचेच. आपल्या विभागात शहराचा अनुभव समोर आहे. औरंगाबाद महापालिकेनं पाणीपुरवठा खासगी कंपनीकडं दिला आणि २०१६ मध्ये तो करार रद्द केला. नंतर नवी मोठी योजना सरकारी पैशातूनच हाती घ्यावी लागली. तिथं नळाची वार्षिक पट्टी ४०५० रुपये होती. पाणी पाच-सात दिवसांनी यायचं, लोकांचा राग वाढत गेला आणि २०२२ मध्ये ती निम्मी, २०२५ रुपये केली. पट्टी निम्मी झाल्यानं पाणी रोज आलं नाही. पट्टी आणि पुरवठा यांची सांगड तुटली की शहर असो वा वाडी, असंच होतं.

अनेक गावांच्या मिळून मोठ्या प्रादेशिक योजनेत सामील व्हा असं तुम्हाला कुणी सुचवलं तर दोन गोष्टी विचारा. तुमचं गाव लाइनच्या शेवटाला येतं का, आणि पाणी वर उचलायला लागणाऱ्या विजेचं बिल कुणाच्या नावावर. पाणी जितकं लांबून आणि खालून उचलाल तितकं बिल. जालन्याला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावातून पाणी उतारानं यायचं, त्याला वीज लागत नव्हती. दुष्काळात तिथल्या लोकांनी त्या तलावातला गाळ काढायला स्वतःचे पैसे घातले.

उद्भवाचं, म्हणजे पाणी जिथून येतं त्या विहिरीचं, मी सगळ्यात शेवटी लिहितोय, पण लक्ष आधी तिकडं द्या. आपला काळा पाषाण पाणी फार धरत नाही. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. टाकी कितीही चांगली असली तरी विहिरीला पाणी नसेल तर काय वाटणार? गावच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला कायद्यानं बंदी आहे. हे शेजारच्या शेतकऱ्याला बोअरची गाडी येण्याआधी समजावून सांगा, नंतर भांडण होतं. पाणीखात्यातले दरवर्षी थोडे पैसे वरच्या बंधाऱ्याच्या गाळाला ठेवा.

आता या आठवड्यात काय करायचं ते. थकलेल्या लाइट बिलाचे हप्ते पाडून घ्या, पहिला हप्ता सदस्यांनी आणि जमेल त्या घरांनी उसना भरा, त्याची नोंद ठेवा आणि पट्टीतून वळता करा. लाइट जोडली की पट्टीचा विषय महिनाभर काढू नका. बादली आणि घड्याळ घेऊन सगळ्यात लांबच्या घरी जा. तिथं किती वेळ लागला ते इथं लिहा, म्हणजे व्हॉल्व कुठं टाकायचा ते नकाशावर बघून सांगतो. आमच्या वहीच्या पानाचा फोटोही टाकतो, तसे रकाने आखून घ्या.