ऑटोमॅटिकचं ऑइल बघताना एवढं सांभाळा

जुनी ऑटोमॅटिक घेतलीत, छान केलंत! तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल बघायला घाबरू नका. आधी मॅन्युअल वाचा: बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून लेव्हल बघतात, काही होंडांमध्ये बंद करून. काही गाड्यांना डिपस्टिकच (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) नसते. त्या गॅरेजलाच न्या.

गाडी खानापूर रोडला पंधरा-वीस मिनिटं फिरवून गरम करा. चोर्ला घाट चढून आल्या आल्या मात्र बघू नका, तापलेलं ऑइल फुगून लेव्हल जास्त दाखवतं. अर्धा तास थांबा.

मग सपाट जागा, हँडब्रेक, ब्रेकवर पाय. लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून पुन्हा 'पी'वर (पार्क) आणा. डिपस्टिक काढून धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिलं रीडिंग धरू नका. ऑइल 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवं.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:
- इंजिन ऑइलचीच डिपस्टिक बघतात.
- भसाभस ओततात. जास्त झालं तर फेस येतो, गिअर घसरतात. थोडं थोडं घाला, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच.

फडक्यावर लालसर डाग पडला तर ठीक. काळपट, करपट वास आला तर ओतत बसू नका, मेकॅनिकला दाखवा. लेव्हल वारंवार उतरत असेल तर गळती आहे, गाडीखाली वाकून बघा.