पक्षी उडतात, मग आम्ही पोहोचतो!

प्रश्न : संरक्षित पाणथळ जागी पहिल्यांदाच गेलो. पायवाटेने तासभर चाललो, पण पक्षी लांबूनच उडत होते. दुर्बिणीतही नुसते काळे ठिपके. काय चुकलं?

उत्तर : चालत राहिलात, हेच चुकलं! माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. पाणथळीवर थोडं चालायचं आणि भरपूर बसायचं. बांधावर उभा माणूस आभाळापुढे ठळक दिसतो. झुडपाआड बसा, २० मिनिटं हलू नका. उडालेले शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) बहुतेकदा परत येतात. (डास चावतील. लांब बाह्या घाला.)

काळे ठिपके दिसले, कारण ऊन समोरून होतं. सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघा. दुर्बीण ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. १२ पटींची हातात थरथरते. जागा खाडीकाठची असेल तर भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. पाणी चढतं तसे चिखलातले तुतवार (चिखलात चोचीने टिपणारे छोटे पक्षी) काठाकडे सरकतात.

आणि फोटोसाठी पायवाट सोडू नका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, हुबेहूब खड्यांसारखी. माझा पाय एकदा वीतभर अंतरावर थांबला होता, तोही टिटवीने आरडाओरडा केला म्हणून.