बोट दम तोडते

प्रश्न : दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. चालू होतं, पण वेग दिला की दम तोडतं. कार्बोरेटर दोनदा साफ केला. – एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, कार्बोरेटरला आता हात लावू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. इंजिन गरम करा, दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरी अर्थ करा (इंजिनच्या धातूला जोडा), प्लगच्या जागी गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोरी पाच-सहा वेळा ओढा. एकात 110 आणि दुसऱ्यात 80 पीएसआय आलं, तर दोष पिस्टनच्या रिंगांत किंवा हेड गॅस्केटमध्ये. दोन्हीकडे चांगलं नि सारखं आलं, तर इंधनाकडे वळा. दम तोडताना पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघा. इंजिन उचललं, तर पंप किंवा नळी तपासा. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं, तर मात्र बोट समुद्रात नेऊच नका. मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी; पिस्टन जाम होईल. काळा, ओला प्लग त्रास देतो, पण निदान किनाऱ्यावर आणतो.