आधी सही कुणाची ते बघ

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. "सर, एवढं वाचून शेवटी वाटतं की अमेरिका पश्चिमेकडे पसरणारच होती, मग मी थिसिसमध्ये नवीन काय लिहू?" हे तू विचारतेस? १८४५ मध्ये ओसलिव्हन नावाच्या अमेरिकन संपादकाच्या मासिकात हेच छापून आलं होतं, की खंडभर पसरणं आमच्या नशिबातच लिहिलंय, मॅनिफेस्ट डेस्टिनी. ते त्यांचं म्हणणं होतं, तुझा निष्कर्ष कसा काय झाला?

कागद काढ आणि सही कुणाची ते बघ. लुइझियानाचा सौदा, १८०३, दीड कोटी डॉलर. सह्या फ्रान्सच्या आणि अमेरिकेच्या, तिथे राहणाऱ्या ओसेज, मंडन, लाकोटा या मूळ जमातींची एकही नाही. मग विकलं काय? इतर युरोपियन देशांच्या आधी त्या जमिनीवर हात टाकायचा हक्क, बस.

आता १८३५ चा न्यू एकोटाचा करार घे, चेरोकी या मूळ जमातीने आपली जमीन सोडून पश्चिमेला जायचं असं सांगणारा. चेरोकींचा निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस, त्याची सही नाहीये. मूठभर लोकांनी सह्या केल्या आणि विरोधात पंधरा हजारांवर चेरोकींच्या नावांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला, तरी पुढच्या वर्षी सिनेटने करार मंजूर केला, आणि किती मतांनी, तर दोन तृतीयांशासाठी लागणार होती नेमकी तेवढीच, एकही जास्त नाही. एक सिनेटर फिरला असता तर! यात नशीब कुठे आलं गं? १८३८ मध्ये सैनिकांनी लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं, मग मिसिसिपी नदीपलीकडे पाठवलं, सुमारे चार हजार माणसं गेली त्यात.

१८४८ ला युद्ध हरून जमीन सोडली त्या करारावर मेक्सिकोची सही आहे, मान्य, पण त्यांच्या राजधानीत अमेरिकन फौज बसलेली असताना. आणि "तेव्हा सगळ्यांना पटलंच होतं" असंही लिहू नकोस, १८४७ मध्ये लिंकन संसदेत विचारत होता की या युद्धात पहिलं रक्त सांडलं ती जागा नेमकी कुणाची ते दाखवा.

मीही एमएच्या प्रबंधात "विस्तार झाला" लिहिलं होतं. पाऊस झाला, तसा विस्तार झाला. गाईड खूश, फर्स्ट क्लास. अकरा वर्षांनी सरकार आणि लाकोटा वगैरेंमधल्या फोर्ट लॅरमीच्या १८६८ च्या कराराची झेरॉक्स हातात आली, नावापुढे फुली, परत नाव, परत फुली, पानंच्या पानं. आणि त्यात सरकारनेच लिहून दिलेलं की यापुढे जमीन घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील. १८७४ ला लाकोटांच्या ब्लॅक हिल्स डोंगरांत सोनं सापडलं, ते डोंगर सोडून देण्याच्या १८७६ च्या कागदावर जेमतेम १० टक्के सह्या जमल्या, आणि १८७७ ला सरळ कायदा करून डोंगर घेतले. झाला नाही, केला! १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा कोटींवर डॉलरची भरपाई दिली, लाकोटांनी ती घेतलेली नाही, त्यांना डोंगर हवेत.

त्या दिवसापासून मी सह्यांच्या मागे लागलो. लोक म्हणतात सर एकाच गोष्टीत अडकले, मोठं पुस्तक नाही लिहिलं. नाही लिहिलं. पण न बघता एक ओळ लिहिली नाही, आणि ते मला पुरतं. तू हुशार आहेस म्हणून राग येतो, दुसरं कुणी असतं तर उत्तरही दिलं नसतं.

तिसरं चॅप्टर रविवारपर्यंत पाठव. त्याआधी १८७६ च्या कागदावरची नावं एकेक करून मोज, आणि किती भरली ते मला कळव.